पायी येणाऱ्यांचा खर्च

तिच्याकडे गुरुजींचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते पाचवीच्या वर्गात, वेळ आणि अंतराची गणितं चालू होती तेव्हा. आपलं घर शाळेपासून किती लांब आहे ते प्रत्येकाने सांगायचं होतं. कोणी दहा मिनिटं म्हणालं, कोणी अर्धा तास, एकाने वर्ग हसावा म्हणून दोन दिवस सांगितले. तिची पाळी आली तेव्हा दुसऱ्या बाकावरची ही एवढीशी मुलगी उभी राहिली, वेणीचं टोक चावत जरा थांबली आणि म्हणाली, "येतानाचं सांगू की जातानाचं? येताना चढ आहे."

वर्ग पुन्हा हसला. फळ्यावरचा खडू मात्र थांबला. रस्ता तोच, पण येणं जड आणि जाणं हलकं, हे गणिताच्या पुस्तकात कुठे नव्हतं. तिला ते पायांनी शिकवलं होतं.

घरी तिला मापटी म्हणत. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, बाजारपेठेत तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. पण आत पितळेची पारडी, लोखंडी वजनं, दांड्या, आकडे, आणि काचेच्या पेटीत जपून ठेवलेला एक नाजूक काटा. शाळा सुटली की ती तिथल्या उंच स्टुलावर जाऊन बसायची आणि हाताला लागेल ते तोलायची: पेन्सिल, बिस्किट, अण्णांचा चष्मा, एकदा तर पावसातून आत शिरलेलं मांजराचं पिल्लू. उंचीने ठेंगणी, गालांनी गोल आणि हात सतत मोजण्यात, म्हणून अण्णांनीच ते नाव ठेवलं. मोठ्या बहिणीला सगळे ताई म्हणत. ताईला लहान असण्याची फुरसत फारशी मिळालीच नाही. आई कायम आजारी असायची, आणि मापटी बारावीला असताना ती गेली.

पुढे मापटी कृषी महाविद्यालयात गेली आणि तिथे तिने कृषी अर्थशास्त्र घेतलं. घरात आणि गल्लीत हे कोणाला नीट कळलं नाही. शेती म्हणावी तर घरात गुंठाभर जमीन नाही, आणि अर्थशास्त्र म्हणावं तर मग चिखलात कशाला जाते? सुट्टीत घरी आली की शेजारच्या काकू तिला हाताला धरून कुंडीपाशी नेत आणि गुलाबाला कळ्या का येत नाहीत ते विचारत. तिने त्यांना समजावून सांगितलं, की काकू, मी झाडं नाही शिकत, झाडांचे भाव शिकते. काकू म्हणाल्या, "बरं, मग भाव सांग. हा गुलाब कितीला जाईल?" अण्णांना हे इतकं आवडलं, की दुकानात येणाऱ्या प्रत्येक वाण्याला त्यांनी ते सांगितलं.

पदवी हातात आली आणि वर्ग पांगला. एक जण बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बसला, एक बियाण्यांच्या कंपनीत विक्रीला लागला आणि मोटरसायकलवर उन्हाने काळा पडला. दोघं परीक्षा देत राहिले, त्यातला एक साहेब झाला आणि दुसऱ्याने त्याच परीक्षांची शिकवणी काढली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी शिष्यवृत्ती मिळवून परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. मापटीला पहिली नोकरी मिळाली ती भाजीबाजाराच्या आवारात, भाव टिपायची. पहाटे लिलाव सुरू व्हायच्या आधी तिथे उभं राहायचं, प्रत्येक मालाचा सगळ्यात कमी भाव, सगळ्यात जास्त भाव आणि ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो, असे तीन आकडे टिपून कचेरीत कळवायचे. हमाल तिला भावबाई म्हणत. डोक्यावर पोती असतानाही ते तिच्यासाठी वाट सोडत आणि सोडताना म्हणत, "सरका रे, भाव आला."

ती नोकरी कराराची होती. त्यानंतरचीही, आणि त्याच्या नंतरचीही. कालव्याच्या पाण्याचा अभ्यास संपला तशी ती जंगलातल्या सरपणाच्या अभ्यासाला लागली, तो संपला तेव्हा एका संशोधन संस्थेत दुसऱ्याच कोणाच्या तरी प्रकल्पावर. करार अकरा महिन्यांचा असे. बाराव्या महिन्यात माणूस कायमचा होऊ नये म्हणून मध्ये एक महिना घरी पाठवत. एकदा एका मुलाकडची माणसं पाहायला आली होती. मुलाच्या मामांनी विचारलं, की हे पर्मनंट आहे का? तिने सरळ मनाने सांगितलं, "नाही, अकरा महिन्यांचं. मग पुढे बघू." ताईने आतून कपाळाला हात लावला. ती माणसं पुन्हा आली नाहीत. मापटीला त्याचं फार वाईट वाटलं असं दिसलं नाही, पण ती गोष्ट ती स्वतःहून कोणाला सांगतही नसे.

चाळिशी ओलांडली तेव्हा ती एका मोठ्या शहरात, पर्यावरणाचे अहवाल करून देणाऱ्या कंपनीत होती. राहायला एक खोली. खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला एक टॉवेल, आणि पलंगाखाली कधीच पूर्ण रिकामी न होणारी बॅग. कपबश्यांचा जोड तिने हौसेने आणला होता, त्यातला एकच कप वापरात असे. दुसऱ्यात ती सुट्टी नाणी टाकी. घरमालकीणबाईंनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, तुम्ही नक्की करता तरी काय? तिने सांगितलं, की ज्याला बाजारात किंमत नसते त्याची किंमत काढते. हवा, झाडं, पाणथळ जागा, असलं काही. बाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांची काढून द्या एकदा." दोघी खूप हसल्या. खोलीत येऊन दार लावल्यावरही मापटीला पुन्हा हसू आलं, आणि हे कोणाला तरी सांगावं म्हणून तिने फोन उचलला. पण अण्णांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. विनोद ओरडून सांगावा लागला की त्यातलं हसू जातं.

अण्णांनी तोवर दुकान बंद केलं होतं. वजनाचे काटे विजेवर चालू लागले, त्यांना दुरुस्ती नसते, बदली असते. ताईचं सासर दोन गल्ल्या सोडून होतं, ती रोज येऊन त्यांचं जेवणखाण बघायची. आणि सकाळी अण्णा तळ्यावर जात. गावाच्या टोकाला जुनं तळं होतं, भोवती झाडं, झाडांखाली पायवाट. मुख्य दरवाजा हमरस्त्याच्या बाजूला होता, पण वस्तीच्या बाजूला एक लहान लोखंडी फाटक होतं. घरातून निघालं की गल्ली, पिठाची गिरणी, मग फाटक. आत शिरताच डाव्या हाताला एक दगडी बाक. त्या बाकावर एक निवृत्त सुतार, एक निवृत्त पोस्टमन आणि अण्णा बसत. ते दोघं अण्णांना तराजू म्हणत. काय बोलत हे विचारलं तर अण्णा सांगत, की सुतार सगळ्या झाडांची लाकडं पाहतो, पोस्टमन येणाऱ्याजाणाऱ्यांचे पत्ते ओळखतो, आणि मी दोघांचं भांडण तोलतो. फोनवर मुलीशी ते दोन मिनिटं बोलत, त्यातलं दीड मिनिट तळ्याचं असे.

म्हणून नगरपालिकेने त्या तळ्याचा अभ्यास कंपनीला दिला तेव्हा मापटीने तो मागून घेतला. कॉलेज सुटल्यापासून घरी इतके दिवस राहायला मिळालं नव्हतं कधी. तळ्यावर पैसा खर्च करावा की ते तसंच सोडावं, हे नगरपालिकेला ठरवायचं होतं, आणि त्यासाठी तळ्याची किंमत हवी होती.

अशा जागेची किंमत काढायची एक पद्धत आहे. लोक तिथे पोचायला जो खर्च करतात, तेवढी तरी ती जागा त्यांच्या लेखी मोलाची असणार, असं त्यात धरतात. लांबून गाडी करून आलेल्या कुटुंबाचा खर्च जास्त, शेजारच्या गावातून बसने आलेल्याचा कमी. असे पुष्कळ लोकांचे खर्च मांडले की कागदावर एक वळती रेघ उमटते, आणि त्या रेघेखाली जी जागा सापडते ती त्या तळ्याची किंमत. पद्धत जुनी आहे, जगभर चालते. मापटीला ती येत होती, आणि चांगली येत होती.

ती टेबल मांडून मुख्य दरवाज्याशी बसे. दोनतीन दिवस मागच्या फाटकाशीही बसली. तिथे अण्णा आले. रोज बाकाकडे वळायचे ते त्या दिवशी टेबलापुढे येऊन रांगेत असल्यासारखे उभे राहिले. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. मागे सुतार आणि पोस्टमन हसू दाबत उभे. मापटी म्हणाली, अण्णा, जा की बसा. अण्णांनी मान हलवली. परक्याला जसं विचारतेस तसं मला विचार, असा त्यांचा आग्रह. मग तिनेही चेहरा गंभीर केला.

"आपण कुठून आलात?"

"घरून."

"कशाने आलात?"

"पायांनी."

"यायला खर्च किती झाला?"

अण्णांनी खाली पाहिलं. "चपला झिजल्या तेवढ्या धर."

"चपला नाही धरत अण्णा."

"मग काही नाही लिही," ते म्हणाले, आणि वळून त्या दोघांना मोठ्याने सांगू लागले, की बघा, कशी नेमकं विचारते ती. तिने शून्य लिहिलं. त्या संध्याकाळी ताईकडे जेवताना अण्णांनी ही गोष्ट सगळ्यांना दोनदा सांगितली, आणि मापटीला त्या जेवणाची चव पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिली.

शहरात परत येऊन तिने आकडे मांडले तेव्हा अडचण आली ती याच शून्यांची. फाटकातून येणारे सगळे पायी येत आणि रोज येत. त्यांचा खर्च काही नाही आणि फेऱ्या मात्र अगणित, त्यामुळे रेघ एका टोकाला वाकडी होऊन सगळं चित्र बिघडत होतं. वेळेचा खर्च धरता येतो, पण तो माणसाच्या पगारावरून काढतात, आणि निवृत्त माणसाच्या सकाळीला पगार नसतो. असं झालं तर काय करायचं तेही पुस्तकात दिलेलं आहे. तिने फाटकावरची माणसं बाजूला काढली. पायी येणाऱ्या स्थानिकांचा विचार या अभ्यासात केलेला नाही, असं एक वाक्य तळटीपेत घातलं. रेघ सुरेख आली. वरिष्ठ बाईंनी पाठ थोपटली आणि करार वाढवून दिला.

नंतर दुसरं काम आलं, दूरच्या किनाऱ्यावरचं. मग तिसरं. घरी जाणं वर्षातून एखाद्या वेळी, तेही दोन रात्रींपुरतं. त्या वर्षी तर तेही राहिलं. फोनवर अण्णा तळ्याचं बोलेनासे झाले होते. जेवलीस का, थंडी आहे का, ठेव, बिल वाढेल. तिला वाटलं, ऐकू येत नाही म्हणून.

पुढच्या खेपेला ती घरी गेली तेव्हा उंबऱ्याशी चपला काढता काढता तिची नजर अण्णांच्या चपलांवर गेली. मागच्या वेळी तिनेच आणून दिलेल्या. अण्णांच्या चपला उजव्या टाचेला तिरक्या झिजत, लहानपणापासून तिने ते पाहिलं होतं. वर्षाला एक जोड लागायचा. या चपलेचा तळ अजून कोरा होता, दुकानातली खाच न् खाच जागेवर. पट्टा कडक झालेला, वर धूळ. तिने चपला उचलून पाहिल्या, आणि तशाच हातात घेऊन ती आत गेली. अण्णा खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. रेडिओ बंद होता. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी आधी तिची बॅग कुठे ठेवायची ते सांगितलं.

सगळं सांगितलं ते ताईने, मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढताना. नगरपालिकेने अहवाल वाचला. तळ्याची खरी किंमत लांबून येणाऱ्यांमुळे आहे, असं त्यात होतं. म्हणून हमरस्त्याच्या बाजूला गाड्या लावायला मोकळं मैदान केलं, दरवाजा मोठा केला, तिकीट बसवलं, होड्या आणल्या आणि सगळं एका ठेकेदाराला चालवायला दिलं. तिकीट न काढता कोणी आत शिरू नये म्हणून मागचं फाटक बंद झालं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना फुकट पास मिळणार होते, मिळालेही, पण त्यासाठी हमरस्त्याने वळसा घालून पुढे जायचं. अण्णा एकदा गेले. ट्रकच्या वाऱ्याने त्यांची टोपी उडाली, ते रस्त्याच्या कडेचा खांब धरून उभे राहिले आणि परत आले. सुतार मुलाकडे राहायला गेला. पोस्टमन अंथरुणाला खिळला.

मापटीने विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ताई चादरीच्या घड्या घालत राहिली. अण्णांनी बजावलं होतं, म्हणाली, की तिच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. मग तिने मापटीच्या हातात चादरीचं दुसरं टोक दिलं.

"तू येणार म्हटलं की आठवडाभर आधी ही चादर बदलायला सांगतात. मी रोज येते. मी आले की म्हणतात, दार लोटून घे."

मापटीने चादरीचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"वाईट नाही वाटत ग मला," ताई म्हणाली. "तुला ठाऊक असावं, एवढंच." दोघींनी चादर ताणली, जवळ आल्या, टोकाला टोक लावलं आणि पुन्हा लांब गेल्या. लहानपणी आईबरोबर जशी घडी घालत तशी.

दुसऱ्या दिवशी मापटी नगरपालिकेत गेली. अधिकारी वयाने तरुण आणि वागायला सज्जन होते. त्यांनी चहा मागवला. अहवाल कपाटातून काढला, त्यात जागोजागी रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. इतकं स्वच्छ काम क्वचित पाहायला मिळतं, असं ते मनापासून म्हणाले. मग तिने फाटकाचं काढलं. त्यांनी पानं उलटली, तळटीप शोधली, तिच्यापुढे धरली.

"मॅडम, तुम्हीच त्यांचा विचार केला नाही. आम्ही कसा करणार?"

त्यात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. तिने सांगितलं, की ते वाक्य पद्धतीपुरतं होतं, माणसं नाहीत असा त्याचा अर्थ नव्हता. त्यांना ते पटलं. त्यांनी सुचवलं, की असं असेल तर पुरवणी अभ्यास द्या, फाटकावर किती लोक येतात ते मोजा, मी पुढे पाठवतो. ती म्हणाली, फाटक बंद आहे, तिथे कोण येणार? अधिकारी जरा गोंधळले. खरंच की, म्हणाले. मग ठेकेदार तरी कोणासाठी उघडेल?

बाहेर आल्यावर ती तशीच फाटकापर्यंत चालत गेली. कुलपाला गंज चढला होता. फाटकाबाहेरच्या पायवाटेवर गवत उगवलं होतं, चांगलं घोट्याएवढं. किती लोक येत असत त्याची एकही खूण तिथे उरली नव्हती. आयुष्यभर तिने येणारी माणसं मोजली होती. न येणारी कशी मोजतात हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

करार संपत आला होता. तिने तो वाढवला नाही. वरिष्ठ बाईंनी फोनवर समजावलं, या वयात पुन्हा सुरुवात अवघड जाते. ते खरं होतं. खोली सोडली तेव्हा सगळं सामान त्या एका बॅगेत आणि दोन खोक्यांत बसलं. कपबश्यांचा जोड घरमालकीणबाईंनी ठेवून घेतला.

मग ती वस्तीत घरोघर गेली. आधी येत होतात का, कशाला येत होतात, आता सकाळी काय करता? एक बाई म्हणाल्या, की सुनेशी पटत नाही म्हणून तळ्यावर जाऊन बसायची, आता गच्चीवर बसते. गिरणीवाला म्हणाला, सकाळी तिकडून परतणारी माणसं दळण टाकून जायची, आता दुपारी येतात आणि घाई करतात. पुष्कळ जण म्हणाले, आता काय, सवय मोडली. पोस्टमनच्या घरी ती गेली तेव्हा त्यांनी तिला ओळखलं, आणि जिभेला जड जात असतानाही तिचा घरचा पत्ता गल्लीच्या नावासकट म्हणून दाखवला. त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

पुरवणी अहवाल तिने स्वतःच लिहिला, कंपनीच्या नावाशिवाय. त्यात रेघ नव्हती. अधिकाऱ्यांनी तो घेतला, पोच दिली, आणि त्यांची बदली झाली. नव्या अधिकाऱ्यांनी मूळ अहवाल मागवला. मापटी तिथल्या बाकड्यावर इतकी बसली, की शिपाई तिला न विचारता पाणी आणून देऊ लागला. अण्णांना ती यातलं काही सांगत नसे. पण तिला रोज सांगायचं असे ते एकच होतं: चला, फाटक उघडलं.

फाटक उघडलं, पण ते तिच्या अहवालाने नाही. ठेकेदाराने नवा रखवालदार ठेवला, त्याची खोली मागच्या वस्तीत होती. रोज वळसा घालायचा कंटाळा येऊन त्याने एके दिवशी कुलूप तोडलं आणि जागी साधी कडी लावली. कोणी काही म्हटलं नाही. हे तिला गिरणीवाल्याने सांगितलं, हसत हसत, आणि तीही हसली. मग घरी जाऊन तिने अण्णांच्या चपला पुसल्या.

गल्ली ओलांडायला त्यांना वेळ लागला. गिरणीपाशी ते थांबले, फाटकापाशी पुन्हा थांबले. बाक होता तिथेच होता, त्याला निळा रंग दिला होता आणि पाठीवर होडीच्या तिकिटाचे दर लिहिले होते. अण्णा आपल्या नेहमीच्या टोकाला बसले, बाकीच्या दोघांची जागा सोडून. मापटी उभीच राहिली. त्या जागेत बसावं की नाही, तिला ठरवता येईना. पाण्यात बदकांच्या आकाराच्या होड्या बांधून ठेवल्या होत्या.

"बदकं मोठी झाली," अण्णा म्हणाले.

ती हसली. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. "चल. बघितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चपला पुढे ठेवल्या तेव्हा त्यांनी मान हलवली. तू जा, म्हणाले, आणि येऊन मला सांग. म्हणून ती जाऊ लागली. परत आल्यावर त्यांच्या कानाशी वाकून, सावकाश, मोठ्याने सांगायची: पाणी पायरीला लागलंय, मोठ्या झाडाची फांदी तोडली, एक पांढरा पक्षी होता. ते सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, बाकावर कोण होतं? ती सांगे, कोणी नाही. अण्णा मान डोलवत, काटा बरोबर दाखवतोय अशा अर्थाने. हे तीनेक वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात, फारसं दुखणं न काढता, अण्णा गेले. चपलांचा तो जोड त्यांच्या मागेही पुष्कळ टिकला असता, तो ताईने गिरणीवाल्याला दिला.

मापटी आता पंचावन्नची आहे. अण्णांच्याच घरात राहते. तळ्यावर अजून जाते, पण येऊन कोणाला काही सांगायचं नसतं, म्हणून कधी कधी एकच फेरी मारून परत येते. ताई रोज येते. ती आली की मापटी उठून दारापर्यंत जाते. ताई म्हणते, बस की, कशाला उठतेस, आणि दोघी चहा घेतात. ताई फार वेळ थांबत नाही, तिला नातवंडांचं पाहायचं असतं.

गावाबाहेरच्या टेकडीवर कृषी महाविद्यालयाची नवी शाखा निघाली आहे. तिथे ती आठवड्यातून तीन दिवस कृषी अर्थशास्त्र शिकवते, तासांवर पैसे मिळतात. पहिल्या वर्षाची मुलं विचारतात, मॅडम, हे शिकून पुढे काय होता येतं? ती त्यांना बँक सांगते, बियाण्यांच्या कंपन्या सांगते, परीक्षा सांगते, बाजाराचं आवार सांगते. कॉलेजला ती बसने जाते, कारण चढ आहे. येताना चालत येते.